लहान उद्योगाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करताना: अर्जाआधीचे निर्णय आणि प्रमाणपत्रानंतरची कामे

प्रश्न थोडक्यात असा आहे : यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा एक लहान उद्योग गेली काही वर्षे एकाच व्यक्तीच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरी म्हणून, चालू आहे. मेहुणा उत्पादन पाहतो आणि पत्नी हिशेब सांभाळते. एका मोठ्या ग्राहकाने पुढील ऑर्डर कंपनीच्याच नावाने देऊ असे कळवल्यामुळे तिघांना संचालक करून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी स्थापन करायची आहे. त्यासाठी कोणते कागद लागतात, अर्ज स्वतः भरता येतो का आणि किती दिवस लागतात, हे विचारले आहे.

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देतो. अर्ज पूर्णपणे स्वतःच्या बळावर दाखल करता येत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ७ नुसार, स्थापनेच्या कामात सहभागी असलेल्या वकील, चार्टर्ड अकाउंटंट, कॉस्ट अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरी यांपैकी प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या एका व्यक्तीने, आणि आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, संचालक म्हणून नाव असलेल्या व्यक्तीनेही, कायद्यातील सर्व अटी पूर्ण झाल्याचे लेखी द्यावे लागते. माहिती भरण्याचे काम आपण केले तरी व्यावसायिकाची सही लागतेच. मुदतीबाबत सांगायचे तर, सर्वांचे कागद एकमेकांशी जुळत असतील तर दोन ते तीन आठवडे धरून चालावे. जुळत नसतील, तर पॅन किंवा आधार दुरुस्त होऊन येईपर्यंत काम थांबते, आणि तो काळ आपल्या हातात नसतो. ग्राहकाला तारीख सांगण्यापूर्वी आपण यांपैकी कोणत्या परिस्थितीत आहोत हे तपासून घ्यावे.

माझे स्पष्ट मत आहे की अर्ज भरणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अर्जातल्या प्रत्येक रकान्यामागे एक निर्णय असतो. तो तिघांनी एकत्र बसून आधी घेतलेला नसेल, तर संगणकासमोर बसलेला माणूस त्याला सोयीचा पर्याय निवडतो आणि पुढे कित्येक वर्षे तिघांना त्याच चौकटीत काम करावे लागते. म्हणून कागदांच्या यादीपेक्षा या निर्णयांबद्दल मी अधिक विस्ताराने लिहीत आहे.

पहिला निर्णय अर्थातच कंपनी हवीच का हा आहे. ग्राहकाला केवळ एका व्यक्तीपासून स्वतंत्र असलेली कायदेशीर संस्था हवी असेल, तर २००८ च्या कायद्याखालील एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, हीही चालू शकते. हे ग्राहकाच्या खरेदी विभागाला एकदा स्पष्ट विचारावे. एलएलपीच्या हिशेबांचे लेखापरीक्षण वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपेक्षा किंवा भागीदारांचे योगदान २५ लाख रुपयांपेक्षा जास्त झाल्यासच सक्तीचे होते. कंपनीला मात्र एक रुपयाची विक्री झाली नाही तरी दरवर्षी ऑडिट करून घ्यावेच लागते, आणि ताळेबंदाचा एओसी-४ व वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ए हे फॉर्म मुदतीत भरले नाहीत तर प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये अतिरिक्त शुल्क लागते. एक फॉर्म वर्षभर राहिला तर ३६,५०० रुपये होतात. उद्यम नोंदणी किंवा गुमास्ता परवाना आहे म्हणून आपली कंपनी आहे असे समजणारेही पुष्कळ भेटतात. त्या नोंदण्यांनी व्यवसायाची ओळख मिळते, पण मालकापासून वेगळी कायदेशीर व्यक्ती निर्माण होत नाही. आपल्या उद्योगात तीन व्यक्ती आहेत, मोठ्या ऑर्डरी आहेत आणि पुढे बँकेचे कर्ज किंवा बाहेरचे भांडवल लागण्याची शक्यता आहे, तेव्हा कंपनीचा पर्याय मला योग्य वाटतो. मर्यादित दायित्वाचा लाभ मात्र बँकेपुढे फारसा उपयोगी पडत नाही, कारण लहान कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी बहुतेक वेळा घेतेच.

आता कागदांकडे वळू. प्रत्येक संचालकासाठी पॅन, आधार, छायाचित्र आणि दोन महिन्यांपेक्षा जुना नसलेला पत्त्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणून बँकेचे स्टेटमेंट, वीजबिल, टेलिफोनचे किंवा मोबाइलचे बिल चालते, पण ते त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावावर असायला हवे. यादी एवढीच आहे, आणि तरीही बहुतेक अर्ज इथेच अडतात. आपल्याकडे विवाहित स्त्रीच्या कागदांची स्थिती पुष्कळदा अशी असते की पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि घराचे वीजबिल सासऱ्यांच्या नावाने. डिजिटल सही पॅनवरच्या नावाने तयार होते, अर्जातील नाव आणि जन्मतारीख प्राप्तिकर खात्याच्या नोंदीशी ताडून पाहिली जाते, आणि जीएसटीसाठी आधारची पडताळणी होते. या तिन्ही ठिकाणी नाव एकसारखे नसेल तर काम पुढे सरकत नाही. त्यामुळे पत्नीचे पॅन आणि आधार आजच शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे : नावांचा क्रम, मधल्या नावाचे पूर्ण रूप की आद्याक्षर, जन्मतारीख. फरक असेल तर आधी दुरुस्ती करावी आणि मगच डिजिटल सहीसाठी अर्ज करावा. अर्जात वडिलांचे नाव विचारले जाते तिथे विवाहित स्त्रीच्या बाबतीतही वडिलांचेच नाव द्यायचे असते, पतीचे नाही. पत्त्यासाठी स्वतःच्या खात्याचे ताजे स्टेटमेंट हा सर्वांत सोयीचा पुरावा आहे, कारण घरातली बिले बहुधा एकाच व्यक्तीच्या नावावर असतात.

डिजिटल सही क्लास ३ प्रकारची असावी. क्लास २ च्या सह्या १ जानेवारी २०२१ पासून देणे बंद झाले आहे. संचालक क्रमांक, म्हणजे डिन, वेगळा काढण्याची गरज नाही. स्थापनेच्या अर्जातूनच तीन नव्या संचालकांपर्यंत डिन मिळतो, आणि आपण तिघेच आहात. तिघांपैकी कोणी पूर्वी एखाद्या कंपनीत संचालक राहिलेले असेल तर त्यांचा जुना डिनच वापरावा, कारण एका व्यक्तीने दोन डिन घेणे कायद्याने निषिद्ध आहे. किमान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला असावा लागतो, ही अट आपल्या बाबतीत आपोआप पूर्ण होईल.

नोंदणीकृत कार्यालयासाठी त्या जागेचे दोन महिन्यांच्या आतले वीजबिल, जागामालकाचे ना-हरकत पत्र आणि जागा भाड्याची असल्यास भाडेकरार लागतो. इथली नेहमीची अडचण म्हणजे वीजबिल दिवंगत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असणे. ना-हरकत पत्र हयात मालकानेच द्यायचे असते, त्यामुळे वारसनोंद झालेला मालमत्ता कराचा उतारा किंवा मालकी दाखवणारा अन्य कागद जोडावा लागतो, आणि बिलावरचे नाव बदलून घेणे केव्हाही चांगले. गावाकडची जागा असेल तर गट नंबर, घर नंबर आणि पिनकोड सर्व कागदांवर सारखे लिहिलेले असावेत. अर्जात जागेचे अक्षांश-रेखांशही द्यावे लागतात. एमआयडीसीतील भूखंड आपल्या वैयक्तिक नावावर असेल, तर तिथे कंपनीने काम करणे हा महामंडळाच्या परवानगीचा वेगळा विषय आहे. ती प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत घराचा पत्ता नोंदणीकृत कार्यालय म्हणून देण्यास हरकत नाही. जागा केवळ कागदावर दाखवू नये. कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, म्हणजे निबंधकाला, प्रत्यक्ष पाहणी करण्याचा अधिकार कलम १२ मध्ये आहे, आणि तिथे कंपनी आढळली नाही तर तिचे नाव नोंदवहीतून काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते.

नाव राखून ठेवण्यासाठी स्पाइस प्लस या अर्जाचा भाग अ भरायचा असतो. शुल्क १,००० रुपये आहे आणि पसंतीक्रमाने दोन नावे देता येतात. मंजूर झालेले नाव २० दिवस राखून ठेवले जाते. अनेकवचन करणे, स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढवणे, शब्दांचा क्रम फिरवणे, गावाचे नाव जोडणे अशा किरकोळ फरकांनी अस्तित्वात असलेल्या कंपनीपेक्षा आपले नाव वेगळे ठरत नाही. कंपन्यांच्या नोंदवहीइतकाच शोध ट्रेडमार्कच्या नोंदवहीतही घ्यावा. तिथे दुसऱ्याच्या नावावर नोंदलेले चिन्ह असेल तर त्याची लेखी संमती लागते, आणि चुकून नाव मंजूर झाले तरी चिन्हाचा मालक कलम १६ खाली तीन वर्षांच्या आत नाव बदलण्याची मागणी करू शकतो. तोवर डबे, बिलबुके आणि बोर्ड छापून झालेले असतात. आपल्या उद्योगाचे सध्याचेच नाव ठेवायचे असेल तर त्याचे जीएसटी प्रमाणपत्र हाताशी ठेवावे, आणि ट्रेडमार्क आपल्या वैयक्तिक नावावर असेल तर कंपनीला ते नाव वापरू देण्याचे संमतिपत्रही जोडावे.

मेमोरंडममधील, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्या मूळ दस्तऐवजातील, उद्देश लिहिताना आपण प्रत्यक्ष जे करणार तेच नेमकेपणाने लिहावे, आणि त्याच्याशी जुळणारा उद्योगवर्गीकरणाचा कोड निवडावा. सगळ्या जगाचे धंदे एका परिच्छेदात कोंबलेले मसुदे बाजारात फिरतात. त्यांचा उपयोग काहीच नसतो आणि छाननीत शंका मात्र येतात.

ज्यासाठी तिघांनी एक संध्याकाळ राखून ठेवावी असा विषय म्हणजे भांडवल आणि शेअर्सची वाटणी. खासगी कंपनीसाठी किमान भरणा भांडवलाची १ लाख रुपयांची अट २०१५ च्या दुरुस्तीने गेली. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती रुपयांचे शेअर्स देऊ शकते ती मर्यादा, आणि भरणा भांडवल म्हणजे तिघांनी खिशातून प्रत्यक्ष आणलेले पैसे. अधिकृत भांडवल १५ लाख रुपयांपर्यंत असेल तर स्थापनेच्या अर्जावर निबंधकाचे शुल्क लागत नाही. राज्याचे मुद्रांक शुल्क मात्र भरावे लागते. म्हणून अधिकृत भांडवल १० लाख रुपये आणि भरणा भांडवल १ लाख रुपये, म्हणजे १० रुपयांचे १०,००० शेअर्स, ही सुरुवात बहुतेक लहान उद्योगांना पुरते. प्रतिष्ठेसाठी मोठा आकडा लिहू नये, कारण मेमोरंडमवर ज्याच्या नावापुढे जितके शेअर्स लिहिले तितकी रक्कम त्याला त्याच्या स्वतःच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात भरावीच लागते.

वाटणीचे प्रमाण ठरवताना तीन आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. साधा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी संमत होतो. विशेष ठरावाला, म्हणजे आर्टिकल्स बदलणे किंवा कंपनीचे नाव बदलणे यांसारख्या गोष्टींना, विरोधातील मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने लागतात. त्यामुळे ज्याच्याकडे २५ टक्क्यांहून अधिक मते आहेत तो विशेष ठराव रोखू शकतो. तिसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : संचालकाला पदावरून दूर करण्यासाठी साधा ठराव पुरतो. समजा आपण ४०, पत्नी ३० आणि मेहुणा ३० टक्के असे ठरवले. तर पती-पत्नी मिळून ७० टक्के होतात आणि मेहुण्याला कायदेशीर नोटीस देऊन व त्यांची बाजू ऐकून संचालक मंडळावरून काढू शकतात, परंतु त्यांच्या संमतीवाचून आर्टिकल्सचे एक कलमही बदलू शकत नाहीत. वर्षानुवर्षे उत्पादन सांभाळणाऱ्या माणसाला हे आधी समजावून सांगणे हा न्यायाचा भाग आहे, आणि त्यांना संचालकपदाची शाश्वती द्यायची असेल तर तसे कलम आर्टिकल्समध्ये किंवा तिघांच्या वेगळ्या करारात विचारपूर्वक लिहून घ्यावे. एखाद्याला बाहेर पडायचे झाल्यास शेअर्स आधी उरलेल्या दोघांना देऊ करायचे, त्यांची किंमत कोणी आणि कशी ठरवायची, एखाद्याचा मृत्यू झाल्यास वारसांना शेअर्स द्यायचे की पैसे, हेही त्याच बैठकीत बोलून घ्यावे. नमुना आर्टिकल्स, ज्यांना टेबल एफ म्हणतात, जशीच्या तशी स्वीकारली तर यांतल्या बहुतेक प्रश्नांवर ती मौन असतात.

याच वाटणीला प्राप्तिकराची एक बाजू आहे. प्रोप्रायटरी व्यवसाय कंपनीकडे सोपवताना भांडवली नफ्यावरील कर टाळायचा असेल, तर व्यवसायाची सर्व मालमत्ता आणि सर्व देणी कंपनीकडे जावी लागतात, मालकाला त्याबदली शेअर्सव्यतिरिक्त दुसरा कोणताही लाभ मिळता कामा नये, आणि मालकाकडे स्वतःच्या नावावर किमान ५० टक्के मताधिकार असून तो पाच वर्षे टिकावा लागतो. पत्नीचे शेअर्स या मोजणीत धरले जात नाहीत. म्हणजे वरच्या उदाहरणातील ४० टक्के आपल्याला महागात पडू शकतात. शिवाय व्यवसायाच्या मोबदल्यात नंतर आपल्याला नवे शेअर्स दिले की तिघांचे प्रमाण पुन्हा बदलते, आणि मेहुणा ३० टक्क्यांवरून सहज १० टक्क्यांवर येऊ शकतो. म्हणून टक्केवारी स्थापनेच्या दिवसाची न पाहता, हस्तांतरण पूर्ण झाल्यावरची पाहावी आणि मेमोरंडमवरचे आकडे तिथून मागे येत ठरवावेत. ही आकडेमोड आपल्या चार्टर्ड अकाउंटंटकडून लेखी घ्यावी.

एवढे ठरले की अर्ज भरणे हे लेखनिकाचे काम उरते. स्पाइस प्लसच्या भाग ब सोबत मेमोरंडम, आर्टिकल्स, संचालक व भागधारकांचे आयएनसी-९ हे घोषणापत्र आणि अ‍ॅजाइल प्रो एस हा जोडअर्ज जातो, आणि त्यातूनच पॅन, टॅन (करकपातीसाठीचा क्रमांक), भविष्यनिर्वाह निधी व ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) क्रमांक, बँक खाते आणि महाराष्ट्रातील कंपनीसाठी व्यवसायकराची नोंदणी मिळते. जीएसटी ऐच्छिक आहे. आपला माल कंपनीच्या नावाने लगेच जाणार असेल तरच तो इथे घ्यावा, कारण क्रमांक मिळाल्यापासून विवरणपत्रे सुरू होतात. भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयचे क्रमांक मिळाले म्हणून कपात लगेच सुरू होत नाही. कामगारसंख्या अनुक्रमे २० आणि १० झाल्यावर ते कायदे लागू होतात. जुन्या उद्योगातले कामगार कंपनीत आले की मात्र ही संख्या पहिल्याच दिवशी गाठली जाऊ शकते. छाननी मानेसर येथील केंद्रीय नोंदणी केंद्रात होते. त्रुटी निघाल्यास अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि त्यासाठी १५ दिवस मिळतात. अशा वेळी शेऱ्यातील प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देऊनच अर्ज पुन्हा पाठवावा, कारण दुरुस्तीच्या संधी मोजक्याच असतात.

प्रमाणपत्रावर कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. त्यातले यू हे अक्षर शेअर बाजारात नोंद नसल्याचे, पुढचे पाच अंक उद्योगाच्या कोडचे, एमएच हे राज्याचे, चार अंक स्थापनेच्या वर्षाचे, पीटीसी ही अक्षरे खासगी कंपनीची आणि शेवटचे सहा अंक नोंदणीचे असतात. तो मिळाल्यावर एकदा वाचून पाहावा. पाच अंक चुकीच्या उद्योगाचे निघाले तर बँक आणि ग्राहक दोघेही प्रश्न विचारतात. पत्रशीर्षावर आणि बिलांवर हा क्रमांक, कंपनीचे पूर्ण नाव व पत्ता छापावा लागतो, आणि कार्यालयाबाहेरील फलकावर नाव इंग्रजीत असेल तर ते स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीतही, लिहिणे कंपनी कायद्यानेच बंधनकारक आहे.

यानंतरच्या मुदती कोणीही आठवण करून न देता धावू लागतात. ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक घेऊन पहिल्या लेखापरीक्षकाची नेमणूक करावी, आणि त्याच बैठकीत प्रत्येक संचालकाने इतर संस्थांमधील आपल्या हितसंबंधांची लेखी माहिती द्यावी. दोन महिन्यांत भागधारकांना शेअर प्रमाणपत्रे द्यावीत व त्यांवरील मुद्रांक शुल्क भरावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिघांनी आपापली भांडवलाची रक्कम कंपनीच्या खात्यात भरून, बँक स्टेटमेंट जोडून, १८० दिवसांत आयएनसी-२०ए हे घोषणापत्र दाखल करावे. ते दाखल होईपर्यंत कंपनीला व्यवसाय सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. चुकल्यास कंपनीला ५०,००० रुपये दंड आणि जबाबदार अधिकाऱ्यांना रोज १,००० रुपयांप्रमाणे १ लाखापर्यंत दंड आहे. अर्जातून मिळालेले बँक खाते शाखेत जाऊन केवायसी पूर्ण केल्याशिवाय चालू होत नाही, हे इथे लक्षात घ्यावे. म्हणून ग्राहकाकडून पीओ, म्हणजे लेखी खरेदी आदेश, कंपनीच्या नावाने घ्यायचा तो या घोषणापत्रानंतरच्या तारखेचा घ्यावा. स्थापनेपूर्वी कंपनीच्या नावाने कोणताही कागद करू नये, कारण त्या दिवशी ती अस्तित्वातच नसते.

आपण हे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत करत असाल तर एक सोय आहे. १ जानेवारी किंवा त्यानंतर स्थापन झालेल्या कंपनीचे पहिले आर्थिक वर्ष पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत धरता येते. त्यामुळे काही आठवड्यांच्या हिशेबासाठी कंपनी कायद्याखाली वेगळा ताळेबंद आणि ऑडिट करावे लागत नाही. प्राप्तिकराचे विवरणपत्र मात्र ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षासाठी भरावेच लागते. घाई नसेल तर डिसेंबरमध्ये कागद तयार ठेवून अर्ज जानेवारीत करावा.

जुना उद्योग कंपनीत आपोआप जात नाही. कंपनीचे पॅन नवे असल्याने तिचा जीएसटी क्रमांकही नवा असतो. जुन्या खात्यात शिल्लक राहिलेले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, आयटीसी-०२ या फॉर्मने, चार्टर्ड अकाउंटंट किंवा कॉस्ट अकाउंटंटच्या प्रमाणपत्रासह, नव्या खात्यात न्यावे लागते, आणि हे झाल्यानंतरच जुनी नोंदणी रद्द करावी. हस्तांतरणाचा करार एका ठरावीक तारखेचा असावा, शक्यतो महिन्याच्या पहिल्या दिवसाचा, म्हणजे साठ्याची मोजणी आणि बिलांचे क्रमांक त्या तारखेला स्वच्छ तोडता येतात. उद्यम नोंदणी, कारखान्याचे परवाने, विमा आणि ग्राहकाकडील व्हेंडर कोड हे सगळे कंपनीच्या नावाने नव्याने घ्यावे लागते. यंत्रांवर बँकेचे कर्ज असेल तर ती यंत्रे बँकेकडे नजरगहाण, म्हणजे आपल्या ताब्यात राहून तारण, असतात, आणि बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती कंपनीच्या नावावर करता येत नाहीत. ही संमती मिळायला कंपनी स्थापन होण्यापेक्षाही जास्त वेळ लागू शकतो, म्हणून बँकेला पत्र नावाच्या अर्जाबरोबरच द्यावे.